मंगलच्या कमरेवरचा गेरू

युसूफ वडगाव या आमच्या गावात माझं मेडिकल दुकान आहे. दाराला लिंबू-मिरची बांधत नाही म्हणून शेजारचा किराणावाला मला 'सायबा' म्हणून चिडवतो. भुताखेतांवर, उताऱ्यांवर माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही नाही. त्यामुळे हे वाचून कुणी मला बुवाबाबांचे पत्ते पाठवू नका... जे घडलं ते सांगतो, एवढंच.

माझा धाकटा भाऊ शिवराज — आमचा शिवा. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. केमो झाली, आजार परत उलटला, आणि शेवटी डॉक्टरांनी स्टेम सेल ट्रान्सप्लांट करायला सांगितलं. माझं जुळलं नाही. जुळलं ते धर्मापुरीला दिलेल्या आमच्या बहिणीचं, मंगलचं. "घ्या म्हनावं लागंल तेवढं," एवढंच ती बोलली. पुण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये तिच्या पेशी काढून शिवाला चढवल्या.

काही महिन्यांनी डॉक्टर खुशीत म्हणाले, "शिवराजचा रक्तगटसुद्धा बदलला. आता त्याच्या अंगातलं रक्त म्हणजे बहिणीचंच समजा." आई शेजारीच बसली होती. तिने ते अगदी तसंच समजून घेतलं, हे मला फार उशिरा कळलं.

ट्रान्सप्लांटनंतर अंगातली रोगाशी लढायची ताकद तान्ह्या बाळाएवढीच असते. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि माणूस खचला की नागीण होऊन बाहेर पडतो. म्हणून या पेशंटना त्यासाठीची गोळी बरेच महिने चालू ठेवतात. शिवाला रोजच्या मूठभर गोळ्यांचा वीट आला होता. 'आता बरा तर हाय मी' म्हणून त्याने परस्पर नेमकी तीच बंद केली.

एका सकाळी तो ओट्यावर शर्ट वर करून बसला होता.

"दादा, बघ बरं. पाठीत इस्तू ठेवल्यावानी व्हतंय."

मणक्याच्या उजव्या बाजूला लाल चट्टा, त्यावर पाण्याचे बारीक दाणे. बघताक्षणीच मी ओळखलं. गाडी केली आणि त्याला घेऊन थेट पुणं गाठलं.

"इतरांची नागीण एका पट्ट्यातच राहते," डॉक्टर म्हणाले. "याची पट्टा सोडून अंगभर पसरली, फुप्फुसात गेली, तर फार अवघड आहे." लगेच सलाईनमधून औषध सुरू झालं. शिवाला एकट्याला वेगळ्या खोलीत ठेवलं.

पुरळ पाठीवरून पुढे सरकत कुशीवर आलं, मग बरगडीखालून पोटाकडे. मास्क-हातमोजे घालून मीच त्याचा शर्ट बदलायचो. रोज बटण काढताना वाटायचं, आज छातीवर दिसणार... पण नाही. बेंबीच्या चार बोटं अलीकडे ते थांबलं आणि पुढे गेलंच नाही. औषधाने थांबलं — मी आजही तेच म्हणतो.

एक मात्र चमत्कारिक होतं. कमरेच्या वर, बाजूला, दाण्यांची सरळ येणारी ओळ मध्येच वर चढली होती आणि वळसा घालून परत खाली उतरली होती. मध्ये हरभऱ्याएवढी कातडी अगदी कोरी. मी डॉक्टरांना दाखवलं.

"असतं असं," ते म्हणाले. "नागीण काय कुणी आखून काढलेली असते का?"

त्यानंतर आईला घेऊन मंगल आली. आत सोडत नव्हते. काचेबाहेरून शिवाला दिसावं म्हणून तिने हात वर केला, तसा पदर सरकला. उजव्या कमरेवर तांबड्या गेरूचा जाड पट्टा होता.

आमच्याकडे नागीण झाली की कुंभाराकडून गेरू लावून घेतात. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो म्हणे, म्हणून तिची वाट अडवायची. तो गेरू जखमेत जाऊन चिघळल्यावर हीच मंडळी माझ्याकडे मलम मागायला येतात. पण मंगलला तर काहीच झालं नव्हतं.

"हे काय गं?"

तिने पदर ओढून घेतला. आई मध्ये आली.

"तिला नगं बोलू. म्याच लावाय लावलं. शिवाला तर कुनी हात लावू देत न्हाई. मग म्हनलं, रगत हिचंच हाय ना त्याच्या अंगात? कुंभाराच्या मावशीनं हिलाच वढून दिलं. हितून येईल अन् हितं थांबंल."

माझं डोकंच फिरलं. "मग सलाईन बी हिलाच लावायचं का? शिवा घरी बसून बरा झाला असता."

मंगल पुढे झाली. तिने पदर थोडा बाजूला केला. पट्टा पाठीकडून आला होता आणि बेंबीच्या अलीकडे थांबला होता. कमरेच्या वर, बाजूला, तो वर चढून, वळसा घालून खाली उतरला होता. वळशाच्या आत एक काळा तीळ होता.

"हितं कावून वाकडं काढलं?" मी विचारलं.

"तिळावर गेरू लावू नये म्हनली मावशी."

"कधी काढलं हे?"

"तुमी शिवाला घेऊन गेलता ना, त्याच दुपारी. आईनं लगीच बोलावून घेतलं."

त्या दुपारी शिवाचं पुरळ फक्त पाठीवर होतं. आणि शिवाला तिथे तीळ नाही. लहानपणी त्याला अंघोळ मीच घालायचो.

शिवा घरी आला. पुरळ वाळल्यावरही आग महिनोन्‌महिने राहते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यासाठीच्या गोळ्या मी दुकानातून आणून ठेवल्या. त्याने एकही घेतली नाही. "कायबी दुखत न्हाई, दादा," म्हणतो, आणि खरंच मजेत हिंडतो.

नागपंचमीला मंगल माहेरी आली. जेवायला वाढताना ती उजव्या कुशीवरचा पदर दोन बोटांनी अंगापासून लांब धरत होती. नागीण होऊन गेलेले लोक माझ्या काउंटरसमोर असेच उभे राहतात, कापडसुद्धा सहन होत नाही म्हणून.

तिला ओसरीवर गाठून विचारलं. तिने आधी शिवा कुठे आहे ते बघून घेतलं.

"जळतंय, दादा. गेरू लावला तवापासनं. त्याला सांगू नको."

अंबाजोगाईला दाखवलं. कातडीवर काही नाही, रिपोर्ट चांगले. पुरळ न येताही नागिणीचं दुखणं असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. असेल. पण मग तो तिळाभोवतीचा वळसा?

शिवासाठी आणलेल्या गोळ्या मी मंगलपुढे धरल्या. तिने पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं.

"ह्यानं माझं थांबलं, तर त्याचं चालू व्हनार न्हाई ना?"

मी औषधवाला. 'असं काही नसतं' एवढं म्हणायचं होतं... मंगलने पाकीट परत माझ्या हातात ठेवलं आणि पदर लांब धरून ती शिवाला भाकरी वाढायला आत गेली.