तेरा मेणबत्त्या आणि इकरामचा गुडघा

डोक्यावर तेरा पेटत्या मेणबत्त्यांचं पितळी शमादान घेऊन नवरीच्या पुढे नाचत चालावं ते इकरामनेच, हे सगळं कैरो जाणत होतं. सगळं कैरो म्हणजे मुहम्मद अली रस्ता आणि त्याच्या आजूबाजूच्या चार गल्ल्या. आम्हाला तेवढं पुरतं. तिची आई लग्नांत गायची, नवरा सय्यद ऊद नावाची तंतुवाद्यं दुरुस्त करतो, आणि ती स्वतः चौदाव्या वर्षापासून वरातीत. पोटाची लाट छातीखालून सोडायची ती थेट ओटीपोटापर्यंत, पण वर एक ज्योत हलायची नाही. फक्त जमिनीवर ती कधी उतरली नव्हती. गुडघे टेकायचे, आडवं व्हायचं, लोळण घ्यायची, हे सगळं दुसऱ्यांनी करावं असं तिचं म्हणणं.

मलाही ते पसंत होतं. मी या बायकांचे कपडे शिवते. एक बाई जमिनीवर नाचली की माझे दोन दिवस घागऱ्याच्या टिकल्या परत शिवण्यात जातात. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर चिडत आले आहे.

पण दिवस बदलले. नवरीच्या आया विचारू लागल्या, खाली जाणारी आहे का? आणि आमंत्रणं नगवाकडे जाऊ लागली. नगवा तिशीची, रबरासारखी. इकराम शेहेचाळीस. तरी इकरामने नाक वर ठेवलं, ते उस्ता फिकरीयाच्या नातीचं, रिहाबचं लग्न ठरेपर्यंत.

वरातीच्या बायकांच्या म्होरकीला आम्ही उस्ता म्हणतो. फिकरीया पंचाहत्तरीची, आमच्यातली शेवटची खरी उस्ता. तिच्यासारखी जमिनीवर नाचणारी पुन्हा झाली नाही, असं म्हातारे सांगतात. ऐन भरात तिने नाच सोडला, कारण डोळ्यात तापलं मेण पडलं. अजूनही तो डोळा रुमालाने टिपत असते. मी शिंपीण असल्यामुळे माझं लक्ष डाव्या-उजव्याकडे जातं. ती कधी हा डोळा टिपते, कधी तो. मोठ्या माणसाला काय विचारायचं, म्हणून मी गप्प होते.

फिकरीयाने इकरामला बोलावलं आणि सरळ सांगितलं, "माझ्या दारातली वरात उभ्या उभ्या जाणार नाही. शीक, नाहीतर मी नगवाला सांगते."

इकरामने ज्या घरात शमादान पहिल्यांदा डोक्यावर घेतलं, तिथेच नगवा नाचणार? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं ती माझ्या दुकानात येऊन म्हणाली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, गुडघ्यांना काहीतरी कर. मी घुरीया बाजारातल्या टोपीवाल्याकडून जुन्या तुर्की टोप्या आणल्या, त्यांचा लाल लोकरी नमदा कापून दोन गाद्या केल्या आणि तिच्या विजारीत आतून शिवल्या. आतापर्यंत शिवलेल्या सगळ्यांत कुरूप वस्तू त्याच.

दोन महिने शिकवणी चालली, फिकरीयाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर, दुपारच्या जेवणाआधी. मेणबत्त्या नाहीत; डोक्यावर तबक आणि त्यात चहाचे चार भरलेले पेले. फिकरीया खुर्चीत बसून टरबुजाच्या बिया फोडायची. आधी उजवा गुडघा, मग डावा, मग कुल्ल्यावर घसरायचं, कोपरावर रेलून अंग लांब करायचं, पोटाची लाट आडवी चालवायची, आणि मान मात्र नवरदेवाच्या बापासारखी ताठ. पहिल्या आठवड्यात इकरामने अर्धा बाजार पुरेल इतका चहा स्वतःच्या खांद्यावर ओतून घेतला. एकदा ती कुरकुरली की इथली फरशी सपाट नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं," फिकरीया म्हणाली. "आणि खाली जाण्याचं कौतुक मला सांगू नकोस. कांद्याचं पोतंही खाली जातं. उठणं म्हणजे नाच. कुणाच्या हाताला धरून उठलीस, तर पुन्हा शमादान डोक्यावर घेऊ नकोस."

उठणंच तिला जमत नव्हतं. पाय खाली दुमडून एका झोक्यात वर यायचं, तिथे डावा गुडघा अडायचा. शेवटच्या आठवड्यात दहापैकी सात वेळा जमू लागलं. उरलेल्या तीन वेळांचं काय, असं मी विचारलं, तर अपशकुनी बाई म्हणून माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

लग्नाच्या दिवशी दिवेलागणीला वरात गल्लीत आली. लाल सरबताचे पेले फिरले, बायकांनी जिभा हलवून किलकाऱ्या दिल्या, शाबान ढोलकीवाल्याने ठेका धरला. इकराम अशी चालली की मी सगळ्या टिकल्या विसरले. मग फिकरीयाच्या खुर्चीसमोर ती थांबली आणि खाली गेली. उजवा गुडघा, डावा, कुल्ला, कोपर. तेरा ज्योती सरळ. पोट नाईलच्या पाण्यासारखं एका कडेने दुसऱ्या कडेला जात होतं. खांबाजवळ उभी नगवासुद्धा टाळ्या वाजवत होती.

शाबानने उठण्याचा ठेका दिला. इकराम हलली, आणि परत बसली. त्याने तोच ठेका पुन्हा दिला. ती हसत होती, पोट चालत होतं, पण डावा पाय तिचा राहिला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. तिसरा ठेका झाला. मेण तिच्या खांद्यावर टपटपू लागलं.

आमच्याकडे वरातीत एक रीत आहे. नवरानवरी नाचणारीच्या पोटावर हात ठेवतात आणि फोटो काढतात. ते उभ्याने होतं, सगळं संपल्यावर. इकरामने खाली बसल्या बसल्या दोन्ही हात पसरले आणि रिहाबला आणि नवरदेवाला, अश्रफला, खुणेने बोलावलं. अश्रफ प्लंबर, वाकायची सवय असलेला. तो पटकन मांडी घालून बसला. रिहाब तो पांढराशुभ्र झगा घेऊन धुळीत बसली. मी शिवलेला झगा. फोटोवाला पोटावर आडवा झाला, गल्ली हसून हसून लोळली. दोघांनी इकरामच्या पोटावर हात ठेवले, फोटो निघाला, आणि तिने ते दोन हात सोडलेच नाहीत. त्यांना धरून ती मधोमध वर आली. एकही ज्योत विझली नव्हती. असं कधी कुणी पाहिलं नव्हतं, लोकांना वाटलं हाच नवा प्रकार. मागून कुणाची तरी आई ओरडली की माझ्या मुलीच्याही लग्नात असंच हवं.

इकराम मात्र हसत नव्हती. शमादान उतरवून माझ्या हाती दिलं आणि खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "उस्ता, मी हाताला धरून उठले. तुम्ही पाहिलंत."

फिकरीयाने तोंडातली बी फोडली, साल थुंकली. रुमाल डोळ्याकडे नेला, मग मांडीवर ठेवून दिला.

"माझ्या डोळ्यात कधी मेण गेलं नव्हतं," ती म्हणाली. "बुलाक मोहल्ल्यातल्या एका लग्नात मला उठता आलं नाही. वरात पुढे निघून गेली. मेणबत्त्या संपेपर्यंत मी तशीच बसून राहिले, मग भिंतीपर्यंत रांगत गेले. चारी बाजूंना माणसं होती, पोरी. हात मागायचं मला सुचलंच नाही."

मी उगाच शमादानाचं मेण नखाने खरवडत राहिले.

म्हातारीने आपला बारीक, बांगड्यांनी भरलेला हात पुढे केला.

"आता बघत काय बसलीस? उठव मला. नातीचं लग्न आहे."