दोन धाग्यांमधला उजेड

माझ्या ताईला प्रयोगशाळेत सगळे कात्री म्हणतात. घरातही ती कुणाचंही बोलणं मधेच कापते, त्यामुळे नाव अगदी शोभतं.

तिचं काम मला स्वप्नातलं वाटतं. पेशींमधून काढलेला डीएनए काचेवर सरळ ताणतात, चमकता रंग चढवून फोटो काढतात. काळ्या पडद्यावर हिरवे धागे तरंगत राहतात. डोळे मिटले तरी मला ते दिसतात. धाग्यांवरचे ठिपके जुळवत कॉम्प्युटर तुकड्याला तुकडा जोडतो आणि माणसाच्या आतला नकाशा तयार करतो. कधी दोन धागे एकमेकांवर पडतात आणि तो दीडशहाणा त्यांना एकच समजतो. तिथे ताई पडद्यावरचा तो खोटा जोड कापते. खूण एकच: धाग्यावर धागा पडला की त्या जागी उजेड दुप्पट होतो.

माझी दोन बाळं जन्माआधीच गेली. दुसऱ्या खेपेला मी भरलेली बादली उचलली होती. मला कुणी बोललं नाही. मीच स्वतःला रोज बोलत होते.

डॉक्टरांनी तपासणी सांगितली आणि नमुना नेमका ताईच्या प्रयोगशाळेत गेला. नात्यातला नमुना आपण तपासायचा नाही, असा तिथला नियम. तिच्या मैत्रिणीने तपासला. नकाशात माझा एक तुकडा भलत्याच ठिकाणी जोडलेला निघाला. माझी परवानगी होतीच, ताईने प्रयोगशाळेच्या मॅडमकडे हट्ट धरला, "अहवालावर सही मैत्रिणीचीच राहू दे, मला नुसतं बघू द्या."

तिला कॉम्प्युटरची चूक हवी होती. एकेक फोटो उघडून ती त्या जोडावर जास्तीचा उजेड शोधत बसली. चहा गार झाला. पण प्रत्येक धागा सलग, शांत, टोकापासून टोकापर्यंत सारखाच उजळ.

"इतकं सुंदर दिसत होतं गं," संध्याकाळी घरी येऊन ती म्हणाली, "आणि मला नुसता राग येत होता. कापता नाही आलं."

"म्हणजे माझ्यात काहीतरी कमी आहे?"

"काही कमी नाही. सगळं आहे, एका तुकड्याने जागा बदललीय, इतकंच. जन्मापासून तशीच आहेस तू. बाळाकडे जाताना तो कधी कमी पडतो, कधी जास्त होतो. कधी बरोबरही जातो. पुढचं डॉक्टर सांगतील."

मी विचारलं, "आणि बादली?"

"कुठली बादली?"

मी सांगायला लागले. ताईने पहिल्यांदाच माझं बोलणं कापलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मला जवळ ओढत म्हणाली, "वेडाबाई, बादलीत नुसतं पाणी होतं गं."