फुकट पेपराचे तपासनीस

फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांनी एकदा मो काकांशेजारी बसून पेपर वाचावा. भूकच मरते.

हाँगकाँगात आमच्या शाम शुई पो स्टेशनाच्या तोंडाशी सकाळी फुकट पेपर वाटतात. लोक तो घेऊन, गाडीआधी घोटभर चहाला आमच्या हॉटेलात शिरतात. मी तिथला वेटर, एकवीस वर्षं. मो काका म्हणजे मालकिणीचे सासरे. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आता दाराजवळच्या टेबलावर लाल पेन्सिल घेऊन पेपर तपासतात.

"कुणी लिहिलंय? नाव नाही. फायदा कुणाचा? समोरच्या पानावर बघ, त्याचीच जाहिरात. दुसरी बाजू विचारली? छे!" आणि शेरा मारतात: खरं, अर्धं किंवा खोटं. 'समुद्र दिसणारे फ्लॅट' अशी बातमी आली तेव्हा म्हातारा बस पकडून स्वतः बघून आला. "दिसतो," म्हणाला, "कमोडवर उभं राहिलं तर." आणि 'अर्धं' लिहिलं. इतका न्यायी माणूस! लोक त्यांचा शेरा बघितल्याशिवाय पेपर घडी करून खिशात घालत नाहीत.

घरच्यांच्या बाबतीत मात्र न्यायाच्या नावानं बोंब. हॉटेलातला चहा त्यांची सून, आमची मालकीण सुक-लिंग, स्वतः करते; तो पिऊन रोज कप आपटायचे. "हिच्या सासूच्या हातची चव नाही." आठ वर्षं हेच! माझं डोकंच फिरायचं. पण त्या गेलेल्या सासूचा चहा घरातला, बाहेरच्या कुणी चाखलेला नाही. उरलेला साक्षीदार एकच, तोही तिचा नवरा. बोलणार काय?

त्यात समोर चकचकीत कॉफीवाले आले आणि आमची टेबलं रिकामी राहू लागली. सुक-लिंग म्हणाली, "पुढच्या महिन्यात बंद करू." आणि नेमकी त्याच आठवड्यात फुकट पेपरात बातमी: आमचा दुधाचा चहा शाम शुई पोत सगळ्यात भारी!

हॉटेल भरलं. पण चहा कुणी मागवेना. सगळे काकांच्या पेन्सिलीकडे बघत बसलेले.

"नाव नाही," काका पुटपुटले. "आणि शेजारी डब्यातल्या दुधाची जाहिरात. आपण तेच दूध वापरतो."

"काका, लिहा की! गाडी चुकेल," एक जण ओरडला.

"मी घरचा माणूस. मला शेरा मारता येत नाही."

सुक-लिंग गाळणी तशीच हातात घेऊन बाहेर आली. "आठ वर्षं रोज मारताय की, मामंजी! मग आजच कसली लाज? 'खोटं' लिहा. एक घाव दोन तुकडे. आजच शटर ओढते."

मला वाटलं, लिहितोय आता म्हातारा. त्यांनी चष्मा काढला.

"तुझ्या सासूचा चहा," ते म्हणाले, "कपडे भिजवलेल्या पाण्यासारखा लागायचा."

कुणी हसलंसुद्धा नाही.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, कसा झालाय? मी म्हटलं, फक्कड. मग चाळीस वर्षं तेच म्हणत राहिलो. ती गेल्यावर तुझ्या चहाला चांगलं म्हणायचं म्हणजे तिला खोटं पाडायचं. जीभच उचलेना, पोरी."

सुक-लिंगच्या गाळणीतून चहा माझ्या बुटांवर गळत होता. मी हललो नाही. माझेही डोळे भरून आले होते, सांगायला लाज कसली.

काकांनी बातमीवर लिहिलं, 'खरं'. थोडं थांबून त्याखाली बारीक अक्षरात: 'शेरा मारणारा घरचा आहे, तेव्हा स्वतः पिऊन बघावे.'

तो कागद मी दाराच्या काचेला चिकटवला. लोक खालची ओळ वाचतात, हसतात आणि आत येतात. पुढचा महिना आला, गेला, शटर उघडंच आहे. सुक-लिंगला खालच्या ओळीशी काही देणंघेणं नाही. आठ वर्षांत तिला मिळालेलं ते पहिलंच 'खरं'.