धाकूच्या हातचं तेल

बासष्टच्या हिवाळ्यात आमची ट्रान्सपोर्ट कंपनी उत्तरेच्या पहाडात होती, तेरा हजार फुटांवर. कंपनीत कुलाबा जिल्ह्याचे आम्ही दोघेच. मी तळा गावाजवळच्या खेड्यातला भातशेतीवाला, शिपाई ड्रायव्हर. दुसरा थळचा कोळी, लान्स नायक धाकू. माझी गाडी तीन नंबर, त्याची चार. कॉन्व्हॉयमध्ये तो कायम माझ्या मागे.

रुटीन ठरलेलं होतं. संध्याकाळी पाचला गाड्या परत. इंजिन गरम आहे तोवर खालचा बोल्ट काढून सगळं तेल डब्यात उतरवायचं आणि बोल्ट परत लावायचा. तेल रात्रभर इंजिनात राहिलं तर गुळाच्या काकवीसारखं घट्ट व्हायचं आणि सकाळी गाडी चालू व्हायची नाही. सकाळी तेच तेल शेगडीवर गरम करून पुन्हा भरायचं. ऑर्डर स्पष्ट होती, ज्याची गाडी त्याने करायची. माझी धाकू करायचा. मला त्या काळ्या तेलाची किळस होती, आणि खरं सांगायचं तर आळसही होता.

"कमरेएवढ्या चिखलात लावणी करतोस नि तेलाला नाक मुरडतोस? शीक रं," तो म्हणायचा.

"उद्या."

"तुझा उद्या काय उजाडत न्हाय."

तेल उतरेपर्यंत तो थळच्या गोष्टी सांगायचा. होडीला मुशी माशाचं तेल चोळायचे दिवस, काठ्यांवर वाळणारे बोंबील. पेन्शनीत गेलो की डिस्पोजलमधली, लष्कराने लिलावात काढलेली एक गाडी घ्यायची आणि थळची सुकी मासळी तळ्याच्या बाजारात न्यायची, असा आमचा बेत होता. गाडी मी चालवायची, इंजिन त्याने बघायचं.

त्या दिवशी सातला निघायचं होतं. सहाला वायरलेस बोलला.

"सब गाड़ी तुरंत मूव्ह. जो स्टार्ट, वो निकले. ओव्हर."

पुढची चौकी शत्रूच्या हाती पडली होती. दोन्ही डबे शेगडीवर होते.

"आधी तुझी," धाकू म्हणाला. "ती पुढं उभी हाय."

त्याने माझ्या गाडीत तेल ओतलं आणि मी बाजूला फनेल धरून उभा राहिलो. मला काम येत असतं तर त्याच वेळात मी त्याची गाडी भरली असती. दहा मिनिटांची गोष्ट. सहा वीसला माझं इंजिन चालू झालं.

"चल तू. मी आलोच मागून."

आरशात पाहिलं. तो दुसरा डबा दोन्ही हातांत धरून आपल्या गाडीकडे चालला होता. मी वळण पार केलं आणि पहिला तोफगोळा मागे पडला. मग आणखी तीन. चार नंबर आली नाही.

खाली पोचायला दोन दिवस लागले. शेवटचा टप्पा गाडी सोडून बर्फातून पायी. माझ्या डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. त्यानंतर मला स्टोअरमध्ये बसवलं आणि चौसष्टला घरी पाठवलं.

मी डिस्पोजलमधला जुना वन टन ट्रक घेतला. बेत दोघांचा होता, गाडी मी एकट्याने घेतली. अजूनही चालवताना आरशात चार नंबर दिसावी असं वाटतं. ते वेड आहे हे कळतं, तरी मी आरशात बघतो.

महिनाभर मी धाकूच्या आईकडून मासळी उचलत होतो. ती चहा द्यायची, मी प्यायचो. खरं म्हणजे मी जायचो ते तिला सगळं सांगायला, पण तोंड उघडायचा धीर होत नव्हता. तिनेही कधी विचारलं नाही.

एके दिवशी थळच्या वाटेवर इंजिन कुरकुरायला लागलं. तिच्या दारात गाडी लावून डिपस्टिक काढली तर तेल डांबर झालेलं. नवीन डबा गाडीत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी तेल बदलायला स्वतः गाडीखाली शिरलो. धाकू करायचा ते आठवून आठवून करत होतो. गरम तेलाची धार कोपरापर्यंत आली. माझे पाय बाहेर होते, अनवाणी.

"पोरा, बोटं कुठं गेली तुझी?" म्हातारीने विचारलं.

"थंडीनं गेली, आय. बर्फात."

मी बाहेर आलो आणि वरून नवीन तेल ओतायला घेतलं.

"अरे, तेल तर खालना चाललंय."

बोल्ट माझ्या खिशातच होता. अर्धा डबा वाळूत. मला हसू आलं. मी तिथेच चाकाला टेकून बसलो.

"आय, हे काम मला येत नव्हतं. माझं तेल धाकूच भरायचा. त्या सकाळीही त्याने आधी माझं भरलं. म्हणून मी निघालो नि तो मागे राहिला. मी शिकलो असतो तर दोघंही निघालो असतो."

बोलून झालं. आता ती मला दारातून उठवणार, असं मी धरून चाललो होतो. तिने पदराने तोंड पुसलं. मग माझ्या पायाच्या तुटलेल्या बोटांकडे बघितलं.

"त्याचं तेल कुठं व्हतं तवा?"

"डब्यात. नुकतंच शेगडीवरून उतरवलेलं. तो डबा घेऊन गाडीकडे चालला होता."

"एका हातानं?"

"नाही, आय. दोन्ही हातांनी."

"मंग हात तरी गरम व्हते त्याचे."

"होते, आय," मी म्हणालो. "गरम होते."