लग्नाचं बोलावणं आणि घोटभर पाणी

मूत्रपिंडाचा डॉक्टर म्हणजे पाण्यावरचा हवालदार. वैशाखातल्या अकोल्यात, जिथे कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो, तिथे माणसांना "पाणी कमी प्या" म्हणायचं! अमरावतीच्या शाळेतल्या नाटकात मी कंस केला होता, पण तोही इतका दुष्ट नव्हता.

मला हे शास्त्र शिकवणारे सर म्हणायचे, "पथ्य सांगण्याआधी मनाने पेशंटच्या घरी जाऊन ये." त्याचा अर्थ मला पातूरकडच्या एका काकूंमुळे कळला.

काकूंचा भाजीचा मळा. किडन्या थकलेल्या, त्यामुळे अंगातलं जास्तीचं पाणी डायलिसिसचं मशीनच काढायचं. पथ्याला पक्क्या. पण लेकीचं लग्न ठरलं आणि त्या दर खेपेला फुगून येऊ लागल्या. एकदा तर फुप्फुसांत पाणी साठून धापा टाकत आल्या. श्वास जरा बसल्यावर मी कंसाच्या आवाजात गरजलो, "काकू, असं चाललं तर लेकीवर अक्षता टाकायला तुम्ही नसाल!"

"मंग काय करू? घरोघरी कुकू लावून बोलावनं देऊन राहिली मी. दारात गेलं का पानी येते. नाई म्हनलं त लोकं म्हनतीन, हिले माज आला. मांडवात कोनी येनार नाई!"

"काकांना पाठवा."

"बायाइले कुकू बाप्या लावते का, डाक्टर साहेब?"

सगळा वॉर्ड हसला. मला सर आठवले. मी पांढरा कोट पदरासारखा डोक्यावर घेतला, सिस्टरला यजमानीण केलं, सोबत आलेल्या काकांना शेजारी उभं केलं. "बघा. पेला घ्यायचा, ओठ टेकवायचे, 'काय गार पाणी आहे वो!' म्हणायचं आणि पेला काकांकडे. यजमानीणही खूश, पाणीही संपलं."

"माहं उष्टं पानी हे पेतीन?"

"लग्नात उष्टा घास चालला होता ना?"

काकू लाजल्या. काका आधीच लाजले होते.

पुढच्या खेपेला काकूंचं वजन अगदी हवं तेवढं! मी टाळ्याच वाजवल्या. काका मात्र काकुळतीला आले होते. "हिचं वजन उतरलं साहेब, पन हिचं पानी पिऊन पिऊन गावात एक झाड नाई सोडलं म्या!"

लग्नाला मी गेलो. मांडव गच्च भरलेला. काकूंनी मूठभर अक्षता लेकीवर अशा उधळल्या की निम्म्या भटजींच्या डोक्यावर पडल्या. मग स्वतः पाण्याचा पेला घेऊन माझ्यापुढे आल्या.

"प्या, डाक्टर साहेब. तुमाले कोनं रोखलं?"

मनातल्या मनात सरांना नमस्कार करून मी पेला तोंडाला लावला. शेवटच्या थेंबापर्यंत काकू डोळ्यांनी माझ्यासोबत पीत होत्या.

"गार हाये ना?"

"लई गार, काकू."

"मंग अजून घ्या," त्या म्हणाल्या, आणि पेला भरायला वळल्या.