रिकाम्या गाडीतली झोप

मातीवाल्याची आई घरात झोपत नसे. म्हणजे आडवी व्हायची, पांघरूण घ्यायची, दिवा मालवायची, सगळं रीतसर. पण डोळ्याला डोळा लागेल तर शपथ. नवरा गेला त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून हे असंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सुनेने तळपाय चोळून दिले, शेजारणीने कापसाची नवी उशी आणून दिली. काही म्हणता काही उपयोग नाही. झोपायची ती एकाच ठिकाणी. मुलाच्या पिकअपमध्ये, त्याच्या शेजारच्या सीटवर, भर दुपारी, डोंगरावरून खाली येताना.

मातीवाल्याचा धंदा साधा. सकाळी खालून मातीची नि खताची पोती भरायची, माथ्यावरच्या रोपवाटिकेत उतरवायची आणि परत यायचं. गावभर त्याला मातीवालाच म्हणत. बायकोसुद्धा रागात असली की "अहो मातीवाले" अशी हाक मारायची, आणि ती हाक ऐकली की हा बाबा आधी चपला घालायचा, मग कारण विचारायचा. आई रोज त्याच्याबरोबर जायची. वर बायकांमध्ये बसून पिशव्यांत माती भरायची, दोन गप्पा मारायची, आणि परतीला निघाली की झोपायची.

उतार लागला की पाच मिनिटांत तिची मान कलायची. खिडकीतून ऊन आत यायचं, झाडांच्या सावल्या तिच्या मांडीवरून सरकत जायच्या, मग रस्त्याच्या कडेने तळं लागायचं. ते संपेपर्यंत ती खोल कुठेतरी गेलेली असायची. मातीवाल्यालाही तेव्हा वेगळंच काही व्हायचं. डोळे टक्क रस्त्यावर, पण इंजिनाचा आवाज दुसऱ्या कुणाच्या घरातून आल्यासारखा. आपण गाडी चालवतोय की गाडीच आपल्या दोघांना अलगद उचलून निघालीय, हे त्याला कळेनासं व्हायचं. तळ्यावरचा उजेड टपावर हलायचा. लहानपणी आई आपल्याला निजवायची, आता आपण तिला निजवतो, असं त्याच्या मनात यायचं. हे सगळं पाऊण तास. तेवढ्या पाऊण तासाच्या झोपेवर म्हातारी उरलेला दिवस काढायची.

आणि नेमका त्या रस्त्यावरचा पूल खचला! रस्ता बंद, दुरुस्तीला दोन वर्षं लागणार म्हणे. वर जायला ओढ्यातली जुनी वाट तेवढी उरली, सगळी दगडगोट्यांची. पहिल्याच दिवशी गाडीचं पोट एका दगडावर असं खरवडलं की आई दचकून उठली आणि घरी पोचेपर्यंत दांडी धरून बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दोन आठवड्यांत तिने चहात मीठ घातलं, धुतलेली भांडी पुन्हा धुतली, आणि एका सकाळी सुनेलाच विचारलं, "तू कुणाकडची गं?"

सून हसली, पण आत जाऊन रडली. "अहो, त्या गाडीचं काहीतरी करा," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यांना झोप मिळाली नाही ना, तर त्या आपल्याला ओळखायच्या नाहीत."

मातीवाला त्याच दिवशी मिस्त्रीच्या गॅरेजात गेला. मिस्त्री म्हणजे जुना माणूस, कानावर पेन्सिल, बोलणं बेताचं. गाडी उंच करायची म्हटल्यावर त्याने आधी एकच प्रश्न केला. "भरलेली किती चालते, रिकामी किती?"

बाजूला दोन ट्रकवाले चहा पीत उभे होते. झालं! मातीवाल्याने छाती पुढे काढली. "रिकामी? माझी गाडी? मिस्त्री, माझी गाडी रिकामी बघितलीय कधी कुणी?"

आता हे धडधडीत खोटं. रोज येताना गाडी रिकामीच तर असायची. पण मालवाहू गाडीवाल्याला चारचौघांत हे कबूल करायला लावणं म्हणजे घरात चूल पेटत नाही असं वदवून घेण्यासारखं. मिस्त्रीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि विचारलं, "किती उंच?"

"चार इंच," हा म्हणाला. मोजलं होतं का? छे! ट्रकवाल्यांपैकी एकाने गाडी चार इंच उंच करून घेतली होती, एवढंच.

मग काय, मागे जाड पोलादी पाट्यांची कमान बसली, पुढे ताठ स्प्रिंगा, वर धक्के झेलायला कडक शॉकअप. पोती भरून निघाला तेव्हा गाडी ओढ्यातून अशी गेली की याला वाटलं आपण राजे. एक दगड पोटाला लागला नाही. आईला चढायला मात्र स्टूल लागलं. "अगं बाई, माडीवर नेतोस की काय मला?" ती म्हणाली, आणि तो खूश होऊन हसला.

परत येताना गाडीचं खरं रूप दिसलं. पोती उतरली आणि पाटे वाकेनात. खडा आला तरी धक्का, खड्डा आला तर विचारूच नका. पण आईने मान टेकवली, डोळे मिटले, आणि घर आलं तेव्हा म्हणाली, "छान लागली हो झोप." दुसऱ्या दिवशीही छान, तिसऱ्या दिवशीही छान. मातीवाल्याने बायकोला बढाईने सांगितलं. बायको म्हणाली, "मग आज त्यांनी अंथरुणाची चादर घडी करून फ्रीजमध्ये का ठेवली?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. पुढच्या दुपारी तळ्याजवळ आल्यावर त्याने शेजारी पाहिलं. आईचे डोळे मिटलेले, श्वास संथ, आणि एका हाताने दारावरची दांडी गच्च धरलेली. बोटं पांढरी पडली होती. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, केवढा मोठा बगळा बघ."

"कुठे?" मिटल्या डोळ्यांनीच आई म्हणाली.

त्याला स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले. आपण मिरवतोय म्हणून म्हातारी रोज पाऊण तास झोपेचं सोंग करत होती. आपलं मन मोडू नये म्हणून! चार इंच उंच बसून त्याला कधी नव्हे इतकं बुटकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गॅरेजात. योगायोग बघा, ट्रकवाले तिथेच चहा पीत होते. त्यांच्या देखतच तो बोलला, "मिस्त्री, मी खोटं बोललो. जाताना भरलेली असते, येताना रिकामी. रोज. आणि येताना माझी आई झोपते." एक ट्रकवाला हसायला गेला, पण दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं.

मिस्त्री म्हणाला, "हे आधी सांगायचं नाही? आईला घेऊन ये. आणि त्या वाटेतला सगळ्यात मोठा दगड मोजून आण."

दगड मोजला. गाडीची पहिली उंची होती त्यापेक्षा दीड इंच वर. म्हणजे दोन इंच भरपूर झाले असते, चारचा सगळा तोरा फुकट. मग मिस्त्रीने आईला सीटवर बसवलं, मातीवाल्याला मागे रिकाम्या हौद्यात उभं केलं, आणि स्वतः खाली वाकून पाटे किती दबतात ते पाहत राहिला. "आजी, जरा हला."

"या वयात नाचायला सांगतोस का रे?" आई म्हणाली, पण हलली.

जाड पाटे निघाले. त्यांच्या जागी वर लांब, पातळ पाटे आले आणि सगळ्यांत खाली एकच जाडजूड. मिस्त्रीने समजावलं, "रिकाम्या गाडीत वरचे पातळ पाटे डुलतात. माल चढला की ते दबून खालच्या जाड्यावर टेकतात, मग तो ओझं घेतो." पुढच्या स्प्रिंगा मऊ, गाडी दोनच इंच उचलणाऱ्या. शॉकअप जाड नळीचे, लांब दांड्याचे. गाडी खाली बसली की एकदाच वर येते, पुन्हा पुन्हा उसळत नाही. चाकांतली हवाही त्याने थोडी उतरवली. मग बंपरवर तळहात टेकवून जोरात दाबलं. गाडी खाली गेली, सावकाश वर आली आणि थांबली. "जा," मिस्त्री म्हणाला.

त्या दुपारी ओढ्यातून खाली येताना मातीवाला श्वास रोखून बसला होता. दगड चाकाखाली येत आणि कुणीतरी तळहातावर घेतल्यासारखे निघून जात. आईची मान कलली. दांडीवरची मूठ सुटली, हात मांडीवर आला, बोटं उघडी पडली. तळं आलं. आज बगळ्याचं नावही त्याने काढलं नाही. उजेड टपावर हलत राहिला आणि गाडी त्या दोघांना घेऊन तरंगत तरंगत घरापुढे आली.

त्याने इंजिन बंद केलं. एरवी आवाज थांबला की ती जागी व्हायची. आज झालीच नाही. अर्धं मिनिट गेलं. मातीवाल्याने तिच्या नाकापुढे बोट धरलं.

"मेले नाही रे," आई म्हणाली.

"आई! घाबरवलंस की!" त्याचे डोळे भरून आले. "झोपली होतीस? खरं सांग."

"अगदी मेल्यासारखी." तिने डोळे न उघडता सीटवर हात फिरवला. "अरे, तुझे बाबा गाडी चालवताना झोपायचे. कुणाला ठाऊक नाही. कडेला चाक गेलं, गाडी आदळली, की मी त्यांना चिमटा काढायची. चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसले, पण एकदा डोळा मिटला नाही. ते गेले, तरी माझी पाळी काही संपेना. घरात पडलं की वाटतं, आपण निजलो तर काहीतरी होईल. आणि तुझी ती उंच गाडी आदळली रे आदळली, की मी चिमट्याला हात उचलायची."

जन्मभर मातीवाल्याला वाटत होतं, बाबा फार भारी ड्रायव्हर.

"तू जागा असतोस," आई म्हणाली. "म्हणून."

दारात सून आली, "अहो, आत या की" म्हणायला तोंड उघडलं. मातीवाल्याने ओठांवर बोट ठेवलं. आई पुन्हा झोपली होती, उभ्या गाडीत, इंजिन बंद असताना. त्याचा डावा पाय बधिर झाला, ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढलं, तरी तो समोर रस्त्याकडे बघत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसाच जागा बसून राहिला.