भक्ती उभी राहिली नाही

अनंतराव वर्गात शिरले की दहावीचा वर्ग उभा राही, आणि तो नीट उभा राहिला का हे बघण्यातच त्यांची पहिली दोन मिनिटं जात. झरीकडच्या एका खाजगी शाळेत ते तीस वर्षं गणित शिकवत होते. परभणीहून एसटीनं यायचं, शिकवायचं, परत जायचं. पगाराची तक्रार त्यांनी कधी केली नाही, पण मान त्यांना रोजच्या रोज लागायचा, सकाळच्या चहासारखा. निवृत्तीला सहा महिने उरले आणि नेमकी तेव्हाच भक्ती बसून राहिली.

गुरुवारी त्यांना वाटलं, पोरीचं पोट दुखत असेल. शुक्रवारी पुन्हा तेच. सगळा वर्ग उभा, आणि मधल्या बाकावर ही बसलेली.

"पाय मोडलाय का गं?"

"न्हाई सर."

"मग?"

"मागल्या शनिवारी माझे आबा आल्ते तुमच्याकडं," भक्ती म्हणाली. "तुमी त्यांना अर्धा तास उभं ठिवलं. खुर्चीवर तुमची पिशवी बसलेली होती."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. अनंतरावांचं डोकंच फिरलं. त्यांनी तिला वर्गाबाहेर काढलं आणि तडक मुख्याध्यापकांकडे गेले. मुख्याध्यापकांनी निकाल देऊन टाकला: सोमवारी या आबांनी, म्हणजे पोरीच्या बापानं यावं, दोघांनी माफीनामा लिहून द्यावा, नाहीतर दाखला घेऊन जावं. डिसेंबर उजाडला होता. ऐन दहावीत पोरीला दुसरी कोणती शाळा घेणार होती? हे कळत असूनही अनंतरावांनी मान डोलावली.

रविवार काही केल्या सरेना. पेपर उघडला, मिटला. अंगणात येरझाऱ्या सुरू झाल्या.

"उन्हात काय फिरायलात?" अनसूयाबाईंनी विचारलं. बायकोला काय सांगणार? ते त्या माणसाचा चेहरा आठवत होते. पालकसभा होती, चहा आला होता, दाराशी कुणीतरी चपला काढून उभं होतं खरं. चेहरा काही आठवेना. पिशवी मात्र स्वच्छ आठवत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि पोरीचा रागही तेवढाच आला. संध्याकाळी त्यांनी ठरवलं, उद्या त्या माणसाला आधी खुर्ची द्यायची आणि प्रकरण मिटवायचं.

पण सोमवारी त्यांनी तोंड उघडायच्या आत भक्तीचा बाप त्यांच्या पाया पडला होता.

"मी दत्ता, सर. दहावीला तुमच्याच हाताखाली होतो. पोरीला अक्कल न्हाई, पदरात घ्या."

"अहो दत्तराव, बसा आधी." अनंतरावांनी स्वतः खुर्ची पुढं ओढली.

"तुमच्यापुढं बसू व्हय?" दत्ता हसला. "मास्तरापुढं बसायचं नसतं, हे तुमीच छडी मारून शिकवलंत की."

त्यानं उभ्याउभ्याच सही केली, पोरीलाही करायला लावली. भक्ती सगळा वेळ खुर्चीकडे बघत होती. अनंतराव पुटपुटले, "कागद राहू द्या आता." पण मुख्याध्यापकांनी तो फायलीत लावूनही टाकला होता.

तिसरा तास दहावीवर होता. वर्ग उभा राहिला, भक्तीही राहिली. अनंतराव "बसा" म्हणाले. सगळे बसले, ती तशीच.

"बस, बाळ."

"आबांनी सांगितलंय, सरांचा तास हाय तवर उभंच ऱ्हायचं. रोज."

आवाजात आगाऊपणा नव्हता. तो असता तर अनंतरावांना किती बरं वाटलं असतं.

"अगं, मी सांगतोय ना, बस."

"तुमी सांगून आबा तरी कुठं बसले, सर?"

आज कुणी हसलं नाही. अनंतरावांनी फळ्याकडे तोंड केलं, एक गणित मांडलं, चुकलं, पुसलं, पुन्हा मांडलं. तास संपायला अजून अर्धा तास होता, आणि मागं वळायचं त्यांना धाडस होत नव्हतं.